बोला, पण पाय आपटू नका: धरणाच्या फुगवट्यावर गळ, गप्पा आणि एक मुक्काम

लहानपणी वडिलांबरोबर गळ टाकायला गेलो की पहिली ताकीद मिळायची, ‘बोलू नको, मासा पळतो.’ ती मी कित्येक वर्षं पाळली आणि पाण्याकाठी मुका बसलो. पुढे कळलं, ताकीद खरी होती, फक्त ती तोंडाला नव्हे, पायाला द्यायला हवी होती. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की जवळजवळ सगळा वरच्या वर परततो. त्याच्या ताकदीचा हजारातला एखादा हिस्सा खाली उतरतो. काठावर आपटलेला पाय मात्र जमिनीतून थेट पाण्यात पोचतो. रोहू, कटला, मृगळ, महासीर यांच्या अंगात हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे पाण्यातला धक्का त्यांना फार लवकर समजतो. म्हणून आमच्या टोळीचा नियम एकच आहे: बोला, पण पाय आपटू नका.

चार-पाच जणांनी मिळून धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे अडवलेलं पाणी मागे पसरतं तिथे, एक रात्र काढायची, गळ टाकायचे, पोटभर बोलायचं, याची सगळी तयारी इथे लिहितो आहे. आम्ही भोर-मावळ-मुळशीच्या बाजूला जातो, त्यामुळे उदाहरणं तिकडची आहेत. कोकणात याच उद्योगाला ‘गरवायला जाणं’ म्हणतात. खाडीत गरवण्याचं शास्त्र वेगळं आहे, ते इथे घेतलेलं नाही.

आधी विचारा

महाराष्ट्रातल्या बहुतेक धरणा-तलावांतल्या मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. पाण्यात बीज, म्हणजे माशांची बारीक पिलं, सोडण्याचा खर्च संस्थेचे सभासद करतात. म्हणजे तुम्ही ज्या रोहूवर गळ टाकणार, तो कुणाच्या तरी पैशावर वाढलेला असतो. गावात पोचल्यावर गाडी सरळ पाण्याकडे नेऊ नका. आधी संस्थेच्या माणसाला भेटा. कुठे दिवसाची पावती फाडतात, कुठे तोंडी होकार मिळतो, कुठे नाही म्हणतात. नाही म्हटलं तर नाही. हुज्जत घालून मिळवलेल्या जागेवर रात्री झोप लागत नाही.

दुसरी परवानगी जमिनीची. पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळपेर जमीन शेतकरी कसतात. तिथे हरभरा किंवा गहू उगवून आलेला असतो आणि लांबून ती मोकळी माती वाटते. बांधावर कुणी दिसलं की ‘दादा, इथे रात्र काढली तर चालेल का?’ एवढं विचारलं तरी पुरतं. बहुतेक वेळा तोच माणूस वारा कुठून येतो, कुठल्या कोपऱ्यात बुडालेली झाडं आहेत आणि गेल्या आठवड्यात कुणाला काय लागलं, हे सांगतो. कोयना, राधानगरीसारख्या अभयारण्यांच्या हद्दीत गळ टाकायचा विचारच करू नका. प्रत्यक्ष धरणाच्या भिंतीजवळ, सांडव्याखाली आणि पाणी उपशाच्या विहिरीपाशीही बसू नका.

मुंबईत राहणाऱ्या नवशिक्याला माझा सल्ला असा, की पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे, तिथे सभासद होऊन आधी काठी धरायला शिका. मुक्कामाचं नंतर बघता येईल.

दिवस आणि माणसं

पावसाळ्यात जाऊ नका. हा माशांच्या विणीचा काळ असतो, काठ निसरडे असतात आणि पाणी कधी चढेल याचा भरवसा नसतो. मरळ तर पिलांचा लालसर थवा सांभाळत काठाजवळ फिरते. त्या वेळी आईबापांना गळाला लावलं तर सगळी पिलं इतर माशांच्या तोंडी जातात. मुक्कामासाठी कार्तिक-मार्गशीर्ष उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, पाणी निवळलेलं आणि भरलेलं असतं. पौषात थंडी वाढली की रोहू-मृगळ खोल पाण्यात सुस्त होतात आणि ऊन तापल्यावर कुठे तोंड उघडतात. फाल्गुनापासून मासे पुन्हा खायला लागतात, पण काठ लांब सरकतो आणि मधे गुडघाभर चिखल होतो.

माणसं चार किंवा पाच असावीत. तिघे असले तर एक जण स्वयंपाकाला लागल्यावर गप्पा मोडतात, आणि सहाच्या वर गेलं की दोन टोळ्या पडतात. त्यांतला निदान एक पाण्याचा जुना जाणकार असावा आणि एक अगदी नवखा. नवख्याच्या प्रश्नांमुळे जाणकार बोलता होतो, नाहीतर तो रात्रभर तंबाखू मळत गप्प बसतो. आमच्यात ज्यांना सगळे नाना म्हणतात त्यांनी चाळीस वर्षांचं पाणी पाहिलं आहे. त्यांच्याकडून मी जे शिकलो त्यातलं बरंचसं कुणीतरी बावळट वाटणारा प्रश्न विचारला तेव्हा ऐकलेलं आहे.

जागा

दुपारी तीनच्या आत पोचा. उजेडात काठ चालून बघितल्याशिवाय सामान उतरवू नका. ओढा जिथे फुगवट्याला मिळतो ते टोक, पाण्यात घुसलेली जमिनीची जीभ आणि बुडालेल्या बांधाची रेघ, या तिन्ही जागा चांगल्या. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर आनंद माना. वाऱ्याबरोबर वरचं खाद्य त्या काठाला सरकतं आणि मासे त्याच्या मागे येतात. पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग उठत असेल तर खाली मृगळ नाहीतर कोंबडा गाळ चिवडतो आहे असं समजा. कोंबडा म्हणजे कॉमन कार्प, पुण्याकडे हेच नाव ऐकू येतं.

बसायच्या जागांत आठ-दहा पावलांचं अंतर ठेवा. यापेक्षा जवळ बसलात तर गळ एकमेकांत अडकतात, यापेक्षा लांब बसलात तर ओरडावं लागतं आणि गप्पांची मजा जाते. आठ-दहा पावलांवरून साधं बोलणं छान ऐकू येतं, विशेषतः संध्याकाळी वारा पडल्यावर. सगळ्यात सोपी, सपाट जागा नवख्याला द्या.

सामान

एका माणसाला दोन काठ्या पुष्कळ झाल्या. एक सात-आठ फुटांची रीळवाली, तळाला शिसं लावून लांब फेकायला. दुसरी साधी बांबूची किंवा फायबरची, फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, लावून काठाजवळच्या चिलापीला (तिलापिया). रिळावर ०.३० मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, भरा, तो साधारण सहा किलोचा ताण घेतो. चिलापीला ०.२० पुरतो. गळाचे आकडे उलटे चालतात: आकडा मोठा, गळ लहान. चिलापीला ८ ते १०, रोहू-मृगळाला ४ ते ६. घरून निघण्यापूर्वी प्रत्येक गळाचा काटा, म्हणजे टोकामागची उलटी कुसळ, पकडीने दाबून सपाट करा. तंगूस ताणलेला ठेवलात तर मासा सुटत नाही, आणि सोडायचा मासा जखम न होता सोडता येतो. माणसाच्या बोटात गळ घुसला तरी तो सहज निघतो, आणि मुक्कामात हे कधी ना कधी होतंच.

रिळाचा ब्रेक काठावर अंदाजाने लावू नका. घरीच एक-एक लिटरच्या पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, म्हणजे दोन किलो वजन, तंगूसाला बांधा आणि काठीने उचला. बाटल्या उचलताना रीळ हळूहळू सरकत तंगूस सोडू लागलं की ब्रेक बरोबर बसला. माझ्या हातून एक मोठा मासा केवळ घट्ट ब्रेकमुळे गेला. तंगूस तोडून, गळ तोंडात घेऊन गेला. मासा गेल्याचं दुःख चार दिवसांत विसरलो, तो गळ घेऊन गेला याचं अजून वाईट वाटतं.

गाठ एकच शिका, पण अंधारात बांधता येईल इतकी शिका. तंगूसाचं टोक गळाच्या डोळ्यातून ओवा. ते मूळ दोऱ्याभोवती पाच वेळा गुंडाळा. मग टोक डोळ्याजवळ तयार झालेल्या पहिल्या फटीतून घाला, त्यामुळे जो मोठा फास झाला त्यातून पुन्हा काढा. आता थुंकीने ओलं करा आणि सावकाश ओढा. ओलं करणं विसरायचं नाही, कारण कोरडा नायलॉन आवळताना घासून तापतो आणि नेमका गाठीपाशीच कमजोर होतो.

याशिवाय डोक्याला लावायची बॅटरी, पकड, जाळीदार झोळी, ओलं फडकं, प्रथमोपचाराची पेटी आणि पोहता न येणाऱ्यांसाठी लाइफ जॅकेट. यात काटकसर नको. फुगवट्याचा तळ एकदम खचतो आणि गाळात पाय रुतला की पोहणाराही घाबरतो.

चारा

गप्पांमध्ये सगळ्यात जास्त वेळ या विषयावर जातो आणि तो योग्यच आहे. प्रत्येकाचा चारा वेगळा असतो आणि प्रत्येकाला तोच खरा वाटतो. कुणी मेथीशिवाय गोळा मळत नाही, कुणी बडीशेप सोडत नाही. मी वापरतो तो असा: पाव किलो शेंगदाण्याची पेंड तव्यावर वास सुटेपर्यंत भाजून कुटायची, तेवढाच भाताचा कोंडा, मूठभर भाजलेलं बेसन, चमचाभर मेथीपूड, चमचाभर बडीशेप, आणि बांधायला लागेल तेवढी कणीक. पाणी त्याच धरणाचं. गोळा मळून झाला की पेलाभर पाण्यात सुपारीएवढा टाकून बघा. दहा-पंधरा मिनिटांनी कडेने भुरभुरायला लागला तर जमला. लगेच विरघळला तर कणीक वाढवा, अर्ध्या तासानेही तसाच राहिला तर कोंडा वाढवा.

कुठला मासा कुठे खातो हे त्याचं तोंड बघून कळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो, म्हणून त्याला फ्लोटखाली हलका, लवकर भुरभुरणारा गोळा. मृगळाचं तोंड खाली, त्याला तळाशी पेंड. रोहू मधल्या थरातला, पण पेंडीच्या वासाने तळाशीही येतो. चिलापीला गांडूळ किंवा पावाचा तुकडा. शिंगाळा आणि वाम रात्री निघतात, त्यांना गांडुळांचा झुबका किंवा कोंबडीची काळीज-कलेजी.

पोचल्या पोचल्या नारळाएवढे तीन-चार गोळे एकाच ठिकाणी टाका. जागा लक्षात ठेवायला समोरच्या काठावरचं एखादं झाड धरा. मग दीड-दोन तास पुन्हा पुन्हा त्याच जागेवर गळ पडला पाहिजे. उतावळा माणूस दर दहा मिनिटांनी जागा बदलतो आणि त्याने टाकलेला चारा शेजाऱ्याच्या कामी येतो.

बसणं आणि बोलणं

गळ पाण्यात पडले, काठ्या टेकवल्या, टोकाला घुंगरू अडकवलं. आता खरी संध्याकाळ सुरू होते. बसायला सतरंजी किंवा घडीची खुर्ची आणा. दगडावर बसलेला माणूस सारखा उठतो, आणि उठला की पाय वाजतात. चहाचा थर्मास मधल्या माणसाकडे ठेवा म्हणजे दोन्ही टोकांना सारखंच चालावं लागेल. चालायचं ते पाण्यापासून चार-पाच पावलं मागून, टाच हळू टेकवत. बॅटरीचा झोत पाण्यावर टाकू नका. धावती सावली आणि झोत दोन्ही काठाजवळच्या माशाला हुसकावतात.

बोलण्याचे आमचे काही रिवाज आहेत, ते अनुभवातून आलेले आहेत. कुणी आपला मोठा मासा सांगत असेल तर वजन विचारू नये, ‘कशावर लागला?’ हे विचारावं. वजनाच्या प्रश्नावर माणूस फुगवून सांगतो, चाऱ्याच्या प्रश्नावर खरं सांगतो आणि सगळ्यांना उपयोग होतो. दुसऱ्याच्या तंगूसावर आपला पडला तर ज्याचा नंतर पडला त्याने निमूट गुंडाळावा. कुणी ‘लागला!’ म्हटलं की शेजारच्या दोघांनी बोलणं अर्धवट टाकून आपापले गळ बाहेर काढायचे, नाहीतर मासा सगळ्यांचा गुंता करून ठेवतो. तो मासा काठावर आल्यावर अर्धवट राहिलेली गोष्ट कुठे होती हे श्रोत्याने आठवून द्यायचं. हे आम्ही अगदी पाळतो. मुलीच्या लग्नाची काळजी कुणी सांगत असताना मधेच कटला लागला म्हणून ती काळजी पाण्यात जाऊ नये.

विषय मुद्दाम काढावे लागत नाहीत. कांद्याचा भाव, गुडघ्याचं दुखणं, पोराची नोकरी, सगळं ओघाने येतं. मला स्वतःला माशांच्या मुळाच्या गोष्टी आवडतात. आपल्या धरणातले रोहू, कटला, मृगळ मुळात उत्तरेकडच्या नद्यांचे. साचलेल्या पाण्यात ते वीत नाहीत, म्हणून बीज नद्यांतून गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ला ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली आणि बीज वाटेल तिथे तयार करता येऊ लागलं. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. चिलापी त्याहून परकी, १९५२मध्ये परदेशातून भारतात आलेली, आणि आज उजनीकाठी भिगवणला गेलात तर जेवणाच्या ताटात तीच. महासीर मात्र आपला. साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९मध्ये मुळा-मुठेतल्या महासीराचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा आपल्याकडचं मराठी नावच त्याच्या शास्त्रीय नावात गेलं: खुद्री. पुण्याच्या नदीतला मासा जगाच्या पुस्तकात मराठी नावाने आहे, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

मासा लागल्यावर

घुंगरू एकदा वाजलं की काठी ओढू नका. मासा चाचपतो आहे. काठीचं टोक सलग वाकलं किंवा फ्लोट तिरका पळत बुडाला की मनगटाने झटका द्या, खांद्याने नको. मोठा असेल तर पळू द्या. ब्रेक आपलं काम करेल. काठी उभी धरून टोक वाकतं ठेवा आणि तो थांबला की काठी वर आणत, खाली नेताना गुंडाळत जा. शेवटच्या दहा फुटांत सगळे घाई करतात आणि तिथेच मासे सुटतात. झोळी आधी पाण्यात बुडवून ठेवायची आणि मासा तिच्यावर आणायचा, झोळी माशामागे पळवायची नाही.

सोडायचा असेल तर हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. कल्ल्यांत बोटं घालू नका. फोटो हवा तर अर्ध्या मिनिटात उरका, मग पाण्यात उभा धरा आणि तो स्वतः शेपूट मारेपर्यंत हात सोडू नका. महासीर नेहमी सोडायचा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महासीराचं बीज तयार करून ठिकठिकाणी सोडलं गेलं आहे. इतक्या मेहनतीने टिकवलेला मासा एका रश्शासाठी मारू नये. पोटात अंडी असलेली कुठलीही मादी सोडा. खायला चार चिलापी पुष्कळ होतात.

मुक्काम

तंबू अंधारापूर्वी उभा करा. पाण्यापासून निदान पन्नास-साठ पावलं मागे, पाण्याच्या पातळीहून पुरुषभर उंच, आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात कधीच नको. एकदा मी वारा चुकवायला खोलगट जागा निवडली. रात्री थंड हवा तिथेच साचली आणि पहाटे पांघरूण पिळून काढावं इतकं दव होतं. तेव्हापासून थोडा वारा लागला तरी उंचवटाच बघतो. तंबूचं दार वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवा, खुंट्या तिरक्या ठोका. हे ठोकणं गळ टाकण्याआधी उरका, कारण तोही धक्का पाण्यात जातो.

झोपताना चेन पूर्ण बंद. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा दुखतही नाही. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. विंचवाचंही तेच. लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या गोळीने ते मृत्यू कसे रोखता येतात हे दाखवून दिलं. पण ती गोळी डॉक्टरने द्यायची असते, म्हणून सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवा. १०८ला फोन लागेल अशी रेंज कुठे मिळते तेही उजेडातच तपासा. साप चावला तर चिरणं, चोखणं, आवळपट्टी यातलं काही करू नका. तो भाग हलू देऊ नका आणि थेट रुग्णालय गाठा. थंडी कितीही असली तरी शेगडी किंवा निखारे तंबूत घेऊ नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

जेवणाच्या बाबतीत ‘पाण्यात म्हैस आणि वर मोल’ करू नका. पिठलं, भात, ज्वारीच्या भाकरी, ठेचा एवढं घरून आणलेल्या सामानात ठरलेलं असावं. मासा मिळाला तर चिलापीला हळद, मीठ, कोकमाचं आगळ चोळून अर्धा तास ठेवा, तिखट लावून तांदळाच्या पिठात घोळवा आणि कमी तेलात मंद आचेवर तळा. खवलं-आतडी पाण्यात फेकू नका, खड्डा करून पुरा. नाहीतर रात्री कुत्री आणि कोल्हे चुलीपाशी येतात.

जेवणानंतर एक-दोन काठ्या शिंगाळ्यासाठी टाकून ठेवा आणि जागं राहायच्या पाळ्या लावा. दोघांनी मिळून पाळी करावी, एकट्याने नको. दारू काठावर आणायची नाही. अंधार, खोल पाणी आणि गाळ असताना ती जोखीम आम्ही घेत नाही. बारानंतर बोलणं आपोआप हळू होतं. दिवसा कुणी सांगितलं नसतं असं काहीतरी त्या वेळी बाहेर येतं. ऐकणाऱ्याने पाण्याकडे बघत ऐकावं, लगेच सल्ला देऊ नये. घुंगरू वाजलं तर त्या वेळी मी दुसऱ्याला खुणेने काठी बघायला सांगतो आणि बोलणाऱ्यापाशी बसून राहतो.

पहाट

उजाडण्याच्या अर्धा तास आधी गळ पुन्हा पाण्यात हवेत. ऊन चढायच्या आधीचे दोन तास सगळ्यात चांगले. नऊ वाजता काठ्या गुंडाळा. तुटलेला तंगूस वीत-वीतभर कापून डब्यात भरा. सबंध सोडलेल्या तुकड्यात बगळ्यांचे, टिटव्यांचे पाय अडकतात. शिश्याचे तुकडे, गळ, पिशव्या मोजून परत घ्या. चूल विझवून पाणी ओता, राखेत हात घालून गार झाल्याची खात्री करा. उरलेला चारा न्यायचा नाही, त्याला वास सुटतो. तो बसलो होतो त्याच जागेवर टाका, आणि जाताना संस्थेच्या माणसाला काय लागलं, काय सोडलं ते सांगून या. पुढच्या खेपेला तोच तुम्हाला फोन करून पाण्याची खबर देईल.